बरणी आणि टाकी

आमच्या शेजारच्या सरांच्या जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे. त्यात काचेच्या बरण्या आहेत, लोणच्याच्या असाव्यात तशा. प्रत्येकीत फॉर्मालिन आणि एक-दोन मासे, डोकं खाली, शेपूट वर. चिठ्ठ्यांवरची शाई तपकिरी झाली आहे. एकीवर लिहिलंय: ‘धनेगाव, जून 1986’. सर प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली तरी गल्लीत ते सरच. फक्त त्यांची भाची त्यांना मामा म्हणते, आणि परवाच्या रविवारी ती या मामाशी दोन तास भांडली. मी चहाला गेलो होतो, पंच होऊन बसलो.

भाची उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेली. पुढे दोन वर्षं कंत्राटी काम. पहाटे धरणाच्या काठावर उभं राहायचं, थर्माकोलच्या तराफ्यांवरून भोई परत आले की जाळ्यात काय आलं ते मोजायचं, वजन करायचं, वहीत लिहायचं. प्रकल्प संपला, काम संपलं. मग ती अंबाजोगाईतल्या दवाखान्यांमधल्या माशांच्या टाक्या सांभाळू लागली. वैद्यकीय महाविद्यालयामुळे आमचं गाव म्हणजे दवाखान्यांचं गाव, आणि रुग्णांच्या बाकड्यासमोर टाकी ठेवायची इथे बऱ्याच ठिकाणी रीत. आता तिला दूरच्या एका शहरातल्या मोठ्या मत्स्यालयातून बोलावणं आलं होतं. भांडण त्यावरून.

मामा : नदीचं काम शिकलीस आणि काचा पुसायला चाललीस.

भाची : काचा मी आताही पुसते, मामा. तिकडे निदान महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल.

मामा : पगाराचं मी बोलत नाही. मांजरेत आज कोणते मासे आहेत, कुणाला माहीत आहे? सोडलेलं मत्स्यबीज तेवढं कागदावर येतं. कटला, रोहू, मृगळ. जिरे किती, बोटुकली किती. जे मासे इथलेच, कुणीही न सोडलेले, त्यांची नोंद कुणी ठेवायची? तू ठेवत होतीस.

भाची : ठेवत होते. दोन वर्षांत किती मासे पाहिले असतील मी? आणि त्यातले किती जिवंत? जाळ्यातून टोपलीत, टोपलीतून काट्यावर. माझ्या हातात येईपर्यंत निम्मे मेलेले असायचे. पोट चिरून अंडाशय बघायचं, खवल्यावरची वर्तुळं मोजून वय काढायचं. मासा खातो कसा, भांडतो कसा, आजारी पडला तर आधी काय करतो, यातलं एक अक्षर मला येत नव्हतं.

मामांनी यावर कपाटाकडे बोट केलं. शास्त्र असंच उभं राहतं, असं त्यांचं म्हणणं. आणि मग ते कर्नल साइक्सवर घसरले. सर साइक्सवर घसरले की निदान पाव तास थांबत नाहीत, हे गल्लीला ठाऊक आहे. पण ती गोष्ट आहेच तशी. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलेला, आणि आकडेवारीच्या जोडीला मासेही गोळा करत बसला. 1839 साली त्याने दख्खनच्या माशांची ओळख जगाला करून दिली आणि नावं देताना लॅटिन शोधत न बसता बऱ्याच माशांना कोळ्या-भोयांच्या तोंडी जे ऐकलं तेच लावलं. म्हणून आजही शास्त्राच्या पुस्तकात खुद्री, कोळस, मुल्या, ताकरी, सिंघाला ही नावं आहेत. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे आपल्या भोयांची बोली गेली, आणि ती पुसायचा अधिकार आता कुणाला नाही.

मामा : ही नावं काठावर उभं राहून मिळाली. टाकीसमोर स्टूल टाकून नाही.

भाची : मान्य. पण खुद्रीचं पुढे काय झालं, तेही सांगा की.

हा तिचा डाव होता. खुद्री म्हणजे आपला महसीर, मोठ्या खवल्यांचा, मुळा-मुठेतला. साइक्सने नाव दिलं खरं. पण तो अंडी कशी घालतो, पिल्लं कशी वाढतात, हे पुढची शंभर-सव्वाशे वर्षं नीट ठाऊक नव्हतं. ते शोधून काढलं सी. व्ही. कुलकर्णी यांनी. मत्स्य खात्यातला हा मराठी माणूस आज कुणाला आठवत नाही. 1970च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा खुद्रीच्या अंड्यांवरचा लेख आला. पुढे शशांक ओगले यांच्यासोबत त्यांनी कृत्रिम प्रजननावर लिहिलं. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात या माशाची पिल्लं लाखांनी तयार झाली आणि देशभर गेली.

भाची : आणि त्याआधी, 1940 साली, याच कुलकर्णींनी मुंबईच्या मचूळ पाण्यातला दोन सेंटिमीटरचा एक मासा जगापुढे आणला. होराइक्थिस सेटनाय. एक नाव मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरांचं, एक मुंबईच्या मत्स्य खात्याच्या सेटनांचं. अंग इतकं पारदर्शक, की आरपार दिसतं. नर आपल्या शुक्राणूंची इवलीशी पुडी मादीच्या अंगाला चिकटवतो. मामा, ही पुडी कुठल्या बरणीत दिसली असती? अंड्यातली वाढ त्यांनी पायरीपायरीने मांडलीय. त्यासाठी मासा जिवंत ठेवावा लागतो, पाणी राखावं लागतं, रात्री उठून बघावं लागतं. माझं काम याहून वेगळं काय आहे?

मामा : वेगळं आहे. कुलकर्णी प्रश्न घेऊन टाकीकडे गेले. तू पगार घेऊन जाणार.

हे जरा लागलं तिला. मलाही सरांचं बोलणं कडू वाटलं. स्वतः पेन्शनवर बसलेल्या माणसाने पगाराचं असं बोलू नये. पण मी बशीतला चहा प्यायलो आणि गप्प बसलो.

भाचीने उत्तर द्यायच्या आधी मामांनीच पुढचा पत्ता टाकला. लोणावळ्याची पिल्लं कुठे कुठे गेली? कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. आपली खुद्री तिथे फोफावली आणि तो मागे पडत गेला. त्याचं शास्त्रीय नाव नक्की काय, हे 2018मध्ये ठरलं: टॉर रेमादेवी. ठरलं तेव्हा तो अतिसंकटग्रस्त प्रजातींमध्ये गेलेला होता. इकडे खुद्रीला आता जागतिक यादीत धोका नाही.

मामा : एक मासा टाकीत वाचवला आणि तिकडे दुसरा घालवला. का? तर कावेरीत आधीपासून काय आहे, हे काठावर उभं राहून कुणी मोजलं नव्हतं.

भाची काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, “हे खरं आहे.” तिचं हे मला आवडलं. हल्ली भांडणात असं कुणी म्हणत नाही.

“पण,” ती पुढे म्हणाली, “माझ्याकडे महिन्यातून एक तरी माणूस सकर मासा घेऊन येतो. टाकीतली शेवाळ खातो म्हणून बोटाएवढा आणलेला, आता वीतभर झाला. घ्या म्हणतात, नाहीतर धरणात सोडतो. मी घेते. घरी तीन ड्रम भरलेत. दक्षिण अमेरिकेतला मासा तो, आपल्या पाण्यात सुटला की आवरत नाही. तुमच्या नदीची ही राखण मी टाकीच्या बाजूनेच करते ना?”

मग तिने दवाखान्याची गोष्ट सांगितली. कुठल्या ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एका सोमवारी फोन आला: मासे वर येऊन तोंड उघडतायत, तीन मेले, तुम्ही दिलेलं खाद्य खराब आहे. ती गेली. पाणी आरशासारखं स्वच्छ. तिने नाक लावलं, मग चाचणीच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. अमोनिया. पाणी इतकं स्वच्छ असताना अमोनिया येतो कुठून? तिने फिल्टर उघडला. स्पंज नवा कोरा दिसत होता. शनिवारी तिथल्या मदतनिसाने मोठ्या हौसेने तो नळाखाली साबण लावून धुतला होता.

भाची : मामा, त्या स्पंजात जिवाणू राहतात. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि साबणाला पाच मिनिटं पुरतात. त्यात आपलं पाणी जड, पीएच आठच्या आसपास, बाहेर चाळीसचं ऊन. जितका पीएच जास्त आणि पाणी गरम, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. नदीत हे कधी कळलं नसतं मला. तिथे अमोनिया वाहून जातो. टाकीत त्याचा हिशोब मला द्यावा लागतो.

मामा : मग काय केलंस?

(हा प्रश्न त्यांनी ज्या घाईने विचारला, त्यावरून मला कळलं की भांडणातला जोर ओसरू लागलाय. पण सर तसे हार मानणारे नव्हेत.)

तिने एक तृतीयांश पाणी काढलं, अँटी-क्लोरीन घातलेलं नवं पाणी भरलं, दोन दिवस खाद्य बंद ठेवलं, आणि दुसऱ्या दवाखान्यातल्या जुन्या टाकीतला मळकट स्पंज आणून या फिल्टरात बसवला. डॉक्टरांना तो घाणेरडा दिसला. ती म्हणाली, हा घाणेरडाच राहू द्या. उरलेले मासे जगले. बिल मात्र त्यांनी तीन माशांची किंमत कापून दिलं.

दवाखान्यांतल्या टाक्यांचे आणखीही नमुने तिने ऐकवले. फेंगशुई म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा, नऊच मासे हवेत, टाकी केवढीही असो. मासा मेला की ‘घरावरची बला त्याने घेतली’ म्हणून नवा आणायचा. ही बला नव्हे, जास्त घातलेलं खाद्य आहे, हे सांगून ती थकली. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या दर्शनाला कोकणातून कुटुंबं येतात. कोकणस्थांची कुलदेवी समुद्र सोडून बालाघाटावर का येऊन बसली, हे मला आजवर न सुटलेलं कोडं आहे. तर अशाच एका कुटुंबातल्या आजी दवाखान्यात टाकी बघून तिला म्हणाल्या होत्या, “पाळतेस? की वाढवून खातेस?” हे ऐकताना मामा पहिल्यांदा हसले.

पण खरा वाद पाण्यावर पेटला.

मामा : 2016 आठवतं? मांजरा तळाला गेली. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, एप्रिलात. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आपल्याकडे नळ किती दिवसांनी यायचा, ते तुझ्या आईला विचार. मी तेव्हा धनेगावला जात होतो. उरलेल्या डबक्यात पहाटे मासे वर येऊन हवा घेत होते. आधी कटला-रोहू गेले. मरळ उरले, कारण मरळ वरची हवा श्वासात घेतो. भोई टोपल्या भरभरून काढत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पुढच्या वर्षाचंही आताच काढतोय, हे त्यांना कळत होतं. अशा गावात तू शोभेच्या माशाला पाणी घालतेस. मला लाज वाटली असती.

भाची : मला वाटते. म्हणून हिशोब करते. तीन फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट उंच टाकी, सव्वाशे लिटर. आठवड्याला पंचवीस लिटर बदलते, दोन बादल्याही नाहीत. काढलेलं पाणी गटारीत जात नाही, कुंड्यांना जातं. त्यात नायट्रेट असतं, जास्वंद बघा दारातली. आणि 2016 पुन्हा आलं तर काय करायचं, तेही ठरवलंय. टाक्या रिकाम्या करून मासे एका हौदात. मामा, एक विचारू? त्या दवाखान्याच्या नळाला पाणी कुठलं येतं?

मामा : धनेगावचंच.

भाची : म्हणजे मांजराच. पाइपातून येते, क्लोरीन घेऊन येते, एवढंच. धरण उतरलं की मला टाकीत कळतं. उन्हाळ्यात क्षार वाढतात, पावसाळ्याच्या तोंडाला पाणी गढूळ येतं आणि क्लोरीन जास्त मारतात. माझ्या वहीत गेल्या दोन वर्षांचे आकडे आहेत, दर आठवड्याचे. मी नदी सोडली कुठे?

सर यावर उठून आत गेले. मला वाटलं रागावले. ते परत आले ते हातात बरणी घेऊन. 1986ची. आत अंगठ्याएवढे दोन मासे, राखाडी, डोळे दुधाळ. चिठ्ठीवर लिहिलेलं: पुन्टियस टिक्टो.

“आता पेथिया म्हणतात,” भाची म्हणाली. “2012पासून.”

“मला माहीत आहे,” सर म्हणाले, आणि ते त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटतं.

हॉलच्या कोपऱ्यात तिने मामांसाठी ठेवलेली टाकी आहे. वाढदिवसाला आणून दिली, सरांनी वर्षभर तिच्याकडे बघितलं नाही असं दाखवलं. तिच्यात बाजारातले रंगीत मासे नाहीत. तेच आहेत, टिक्टो, भोयांच्या पोरांनी जाळीत पकडून दिलेले. कल्ल्यामागे एक काळा ठिपका, शेपटीच्या अलीकडे एक. पावसाळा तोंडावर होता. नरांच्या अंगावर बाजूने लाल छटा चढली होती, कुंकवाचं बोट ओढावं तशी, आणि पाठीवरच्या परावर काळे ठिपके उमटले होते. दोन नर एकमेकांभोवती गोल फिरत होते. भांडण होतं ते, चावाचावी नसलेलं. जो आधी फिका पडेल तो हरला.

भाची : हा लाल रंग तुमच्या प्रबंधात आहे का, मामा?

मामा : ‘रुपेरी’ लिहिलंय मी. फॉर्मालिनमध्ये टाकलं की दोन दिवसांत रंग जातो. जाळ्यातून काढताना भीतीनेच गेलेला असतो.

त्यांनी बरणी टाकीशेजारी ठेवली. बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पण हे कुठे सापडले, कोणत्या महिन्यात, पाणी किती होतं, हे या बरणीवर आहे. तुझ्या टाकीवर चिठ्ठी कुठे आहे?”

भाचीने पर्समधून वही काढून समोर ठेवली. मी वाचली. तारीख, गाव, ओढ्याचं नाव, पाण्याचं तापमान, विरघळलेला प्राणवायू. तोही चाचणीच्या पट्टीने नव्हे, तर सरांनीच शिकवलेल्या विंकलरच्या पद्धतीने काढलेला. अक्षर मामांच्या वळणाचं.

त्यांना वळवायला तेवढंही पुरलं नाही. ते म्हणाले, जातेस तर जा, पण मोठ्या मत्स्यालयात टाकीमागे उभं राहिल्यावर असं कुणी वहीत लिहू देणार नाही. तिथे गर्दी, तिकिटं, काचेवर ठोकणारी पोरं. तारापोरवाला मत्स्यालयाचं उदाहरण त्यांनी दिलं. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेलं, मत्स्य खात्याने चालवलेलं. सर विद्यार्थी असताना सहलीत बघायला गेले होते. दोन तासांत त्यांना एकच माणूस आठवला: टाकीच्या वरून, फळीवर ओणवा होऊन, चिमट्याने एकेका माशाला खाऊ घालणारा. लोक मासे बघत होते, हे त्याला बघत होते.

“कोण होता तो?” मी विचारलं.

“कुणास ठाऊक. त्याच्या पाट्या नसतात.”

भाची म्हणाली, “तो उदगीरला शिकला असता तर त्याला रोज दहा कामं अजून असती.” आणि तिने ती मोजून दाखवली. नवा आलेला मासा दोन ते चार आठवडे वेगळा ठेवणं. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो इक नावाचा परजीवी; पाण्यात मोकळा फिरतो तेव्हाच औषधाने मरतो, अंगावर असताना नाही, म्हणून उपचार दिवसन् दिवस चालू ठेवणं. पंपाचा आवाज बदलला की रात्री झोपेतून उठणं. पीव्हीसी पाइप कापणं, सांधा चिकटवणं, गळती शोधणं. महाविद्यालयात माशाचं शरीर शिकवलं, ती म्हणाली. प्लंबिंग मी मोंढ्यातल्या एका दुकानदाराकडून शिकले.

याच्या पुढे केरळच्या डेनिसन बार्बवर चर्चा गेली असती. लाल-काळ्या पट्ट्यांचा तो मासा, शोभेच्या व्यापारासाठी सह्याद्रीच्या ओढ्यांमधून उपसला गेलेला. 2013मध्ये त्याच्या वंशाला ‘सह्याद्रिया’ नाव दिलं, आता संकटग्रस्त. सरांनी तो विषय काढलाही होता, म्हणजे टाकीवाल्यांवर शेवटचा हल्ला. पण तेवढ्यात लाइट गेली.

टाकीतले बुडबुडे थांबले. बॅटरीवरचा पंप भाचीने आदल्याच दिवशी एका दवाखान्यात दिला होता. खोलीत अंधार, उकाडा.

“किती वेळ तग धरतील?” मी विचारलं.

“मासे लहान आहेत, टाकी मोठी. तास-दोन तास काही होत नाही,” ती म्हणाली. “तरीपण.”

ती उठण्याआधी सर उठले. स्वयंपाकघरातून तांब्या आणला, टाकीत बुडवला, वीतभर वर उचलला आणि बारीक धार धरली. पाणी पडलं, फेस झाला. पुन्हा. धनेगावहून एसटीने येताना बादलीतले नमुने असेच जिवंत ठेवायचो, ते म्हणाले, मागच्या सीटवर बसून, कंडक्टर शिव्या द्यायचा. नमुने जिवंत ठेवायचात, मग फॉर्मालिनमध्ये का टाकायचात, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही.

भाचीने मोबाइलची बॅटरी टाकीवर धरली. उजेडाला दचकून मासे खाली गेले, मग हळूहळू वर आले. सर धार धरता धरता मोजत होते, ओठ हलत होते.

“सोळा,” ते म्हणाले.

“सतरा, मामा. एक दगडामागे आहे. तो नेहमी तिथेच असतो.”

सर खाली वाकले आणि दगडामागे बघू लागले. तांब्या मी घेतला.